दर उतरला, कर चढला : भांडवली नफ्याबद्दलचे काही गैरसमज

भांडवली नफ्यावरचा कर कमी करावा की नाही, हा वाद आपल्याकडे नेहमी टक्क्यांत अडकतो. दहा, साडेबारा, वीस. पण दराइतकेच महत्त्व नफा कसा मोजला जातो याला आहे. साध्या घरमालकाला फटका बसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

गैरसमज : दर २० टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आला, म्हणजे घर विकणाऱ्याचा कर कमी झाला.

वस्तुस्थिती : २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने दर उतरवला आणि त्याच फटक्यात इंडेक्सेशन काढून टाकले. घराची जुनी खरेदी किंमत सरकारी महागाई निर्देशांकाने वाढवून आजच्या पैशांत आणायची आणि त्यावर जे मिळाले तेवढाच नफा धरायचा, ही ती सवलत.

समजा, २०१२-१३ मध्ये ४० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२४-२५ मध्ये ८० लाखांना विकला. खरेदीच्या वर्षाचा निर्देशांक २००, विक्रीच्या वर्षाचा ३६३. म्हणजे खरेदी किंमत धरली जाणार ७२ लाख ६० हजार, नफा ७ लाख ४० हजार आणि २० टक्क्यांनी कर १ लाख ४८ हजार. नव्या पद्धतीत नफा सरळ ४० लाख आणि कर ५ लाख. दर कमी, कर तिपटीहून जास्त! या घराला नवी पद्धत फायद्याची ठरायला किंमत साधारण सव्वातीन पट, म्हणजे १ कोटी २७ लाखांच्या आसपास जायला हवी. २००१-०२ मध्ये घेतलेल्या घराची तर आठपट व्हायला हवी.

मालमत्तेच्या किमती महागाईपेक्षा बऱ्याच वेगाने वाढतात, त्यामुळे बहुतेकांचा फायदाच होईल, असे सरकारचे म्हणणे होते. मोक्याच्या जागी स्वस्तात घर मिळालेल्यांना ते लागू पडेलही. पण ज्या गावांत, ज्या उपनगरांत भाव वर्षानुवर्षे जेमतेम महागाईबरोबर चालले, तिथे हा कर नफ्यावर नसून महागाईवर आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. मुळात इंडेक्सेशनही महागाईची पूर्ण भरपाई करत नव्हते. शहरी ग्राहक किंमत निर्देशांकातल्या वाढीचा पाऊण भागच त्यात धरला जातो.

गैरसमज : विरोध झाल्यावर इंडेक्सेशन परत आले.

वस्तुस्थिती : अर्धेमुर्धे आले. ऑगस्ट २०२४ मधल्या दुरुस्तीने निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दोन्ही पद्धतींतला जो कर कमी येईल तो भरण्याची मुभा मिळाली, पण फक्त २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनी आणि इमारतींसाठी. जुन्या पद्धतीने तोटा निघाला तर कर शून्य होतो, मात्र तो तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. अनिवासी भारतीयांना ही मुभा नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहून पुण्यातला जुना फ्लॅट विकणाऱ्याला १२.५ टक्क्यांचाच हिशेब लागू आहे. आणि आज कर्ज काढून पहिले घर घेणाऱ्या तरुण जोडप्याला तर इंडेक्सेशन कधीच मिळणार नाही. त्यांची झळ दहा-पंधरा वर्षांनी दिसेल, म्हणून आज त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही.

गैरसमज : दर कमी केला की उलट सरकारची तिजोरी भरते.

वस्तुस्थिती : हा दावा अमेरिकेत दशकानुदशके गाजतो आहे. हा कर विकल्याशिवाय लागत नाही, त्यामुळे कधी विकायचे हे मालकाच्या हातात असते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने पुढच्या वर्षापासून कमाल दर २० वरून २८ टक्के होणार हे ठरताच लोकांनी वर्षअखेरीपर्यंत विक्रीचा धडाका लावला. त्या वर्षी विक्रीतून झालेला नफा आधीच्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाला आणि १९८७ मध्ये तो निम्म्याहून खाली आला. दर उतरतो तेव्हा नेमके उलटे होते, थांबून राहिलेले लोक विकायला बाहेर पडतात. त्या एका वर्षाच्या भरतीवरून कायमचे उत्पन्न वाढले असे म्हणता येत नाही.

गैरसमज : शेतजमीन विकली की कर नसतो.

वस्तुस्थिती : ग्रामीण शेतजमिनीला नसतो. सातबाऱ्यावर पीक आहे एवढ्याने मात्र जमीन ग्रामीण ठरत नाही. शेजारच्या नगरपालिकेची किंवा महापालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा आणि त्यापुढे आठ किलोमीटरच्या आतली जमीन करपात्र भांडवली मालमत्ता होते. हे अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत मोजतात. पुणे-नाशिकच्या कडेच्या गावांत नेमकी इथेच फसगत होते. अशी जमीन विकणाऱ्याने आधीची दोन वर्षे ती स्वतः किंवा आईवडिलांनी कसलेली असेल आणि पुढच्या दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर सवलत मिळते.

गैरसमज : बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे शेअर-फंडांच्या नफ्यावरही नाही.

वस्तुस्थिती : २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत जी सूट आहे, ती विशेष दराने कर लागणाऱ्या भांडवली नफ्याला चालत नाही. पेन्शन नऊ लाख आणि इक्विटी फंडातला दीर्घ मुदतीचा नफा तीन लाख असेल, तर पेन्शनवरचा कर सुटेल. नफ्यातले पहिले सव्वा लाखही सुटतील. उरलेल्या पावणेदोन लाखांवर १२.५ टक्क्यांनी २१,८७५ रुपये आणि वर उपकर भरावा लागेल.

मात्र ज्या निवासी व्यक्तीचे इतर उत्पन्न चार लाखांच्या मूळ मर्यादेपेक्षा कमी आहे, तिला उरलेली मर्यादा या नफ्यातून वजा करता येते. पेन्शन नसलेल्या, थोड्या व्याजावर आणि फंडांवर भागवणाऱ्या आईवडिलांचे विवरणपत्र भरताना ही वजावट घेतली गेली आहे का, ते जरूर पाहावे.