एक सपाट भिंग, दोन रंगांची दोन कामे

चेतापेशींच्या टोकाशी संदेशवाहक रसायनांनी भरलेल्या पिशव्या असतात, जेमतेम ४० नॅनोमीटरच्या. साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या सुट्या दिसत नाहीत. भिंग कितीही उत्तम असो, प्रकाशाचा ठिपका तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून, म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटरहून लहान होत नाही, हे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सांगितले होते.

श्टेफान हेल यांनी १९९४ मध्ये सुचवलेली वाट मला फार देखणी वाटते. ठिपका लहान करण्याऐवजी त्यांनी दुसऱ्या रंगाचा लेसर आणला. पहिला नमुन्यातले रंगद्रव्य चमकवतो. दुसरा, मेदूवड्यासारखा मधोमध पोकळ, भोवतीची चमक विझवतो. उरतो मधला इवलासा भाग. २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हेल यांचा वाटा होता.

मात्र ठिपका आणि कडे यांची केंद्रे नॅनोमीटरांच्या हिशेबात जुळावी लागतात, आणि तापमान जरा बदलले तरी ती जुळणी सरकते. दोन्ही आकार एकाच भिंगातून मिळाले तर?

सपाट भिंगाला फुगवटा नसतो. पट्टीवर कोरलेली समकेंद्री कडी विवर्तनाने प्रकाश वळवतात, आणि रंग बदलला की सारे बदलते. ६४० नॅनोमीटरचा प्रकाश एक मिलिमीटरवर एकवटवणारे भिंग ७७५ नॅनोमीटरचा प्रकाश ०.८३ मिलिमीटरवरच एकवटवते. कॅमेऱ्यासाठी हा मोठा दोष. इथे दोन रंगांकडून दोन वेगळी कामे हवी असल्याने हीच हळवी वृत्ती कामी येते.

समजा, पट्टीचा अपवर्तनांक १.५ आहे. १.५५ मायक्रोमीटर उंचीचे कडे ७७५ नॅनोमीटरच्या लहरीला बरोबर एक लहर मागे टाकते, म्हणजे तिच्यापुरते ते नसल्यासारखेच. ६४० च्या लहरीला मात्र सव्वा लहरीच्या आसपास उशीर होतो. अशा उंची आणि त्रिज्या संगणक बदलत राहतो. चमकवणारा ६४० चा लाल प्रकाश केंद्रात एकवटला पाहिजे. त्याच जागी दुसऱ्या रंगाच्या आतल्या-बाहेरच्या कड्यांतून आलेल्या लहरींनी एकमेकींना खोडले पाहिजे. ही दुसरी अट फार कडक, कारण केंद्रात थोडा प्रकाश झिरपला तरी पाहायची चमकच विझते.

राजेश मेनन आणि सहकाऱ्यांनी या दिशेने भिंगे आखली. दोन रंगांच्या अशाच युक्तीने त्यांनी २००९ मध्ये ३६ नॅनोमीटर रुंदीच्या रेषाही छापून दाखवल्या. हेल यांची पद्धत बिंदू-बिंदू करत चित्र उभे करते, म्हणून संथ आहे. सपाट भिंगे मात्र एकाच पट्टीवर शेकड्यांनी कोरता येतात, आणि प्रत्येकाने आपापला तुकडा एकाच वेळी टिपला तर मोठा नमुनाही लवकर पाहून होईल.