पावसाळ्यात गच्चीवरची झाडं : पाणी घालण्यापेक्षा पाणी काढणं महत्त्वाचं

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की नर्सरीत गर्दी होते. मोगरा, मेहंदी, कढीपत्ता, मिरची, जे आवडेल ते घरी येतं. पण ऑगस्ट उजाडेपर्यंत त्यातली निम्मी रोपं पिवळी पडतात आणि आपण म्हणतो, "आपल्या हाताला बरकत नाही." खरं कारण वेगळं असतं. पावसाळ्यात कुंडीतलं झाड तहानेने नाही, तर बुडून मरतं. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिखल राहिली की हवा मिळत नाही आणि मुळं कुजतात. पानं मात्र उन्हाळ्यासारखीच मलूल दिसतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो.

आधी कुंडी, मग रोप

कुंडीच्या तळाला भोकं आहेत ना, ती मातीने बुजली तर नाहीत ना, हे काडी घालून बघा. कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवा, म्हणजे पाणी खालून निघून जाईल. नुसती काळी माती भरू नका, ती पाणी धरून ठेवते. माती, वाळू किंवा कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात मिसळा. मूठभर निंबोळी पेंड टाकली तर किडीला थोडा आळा बसतो.

काय लावावं?

भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी यांच्या बिया जून-जुलैत लावा. वेलांना 20 लिटरची बादली आणि मजबूत आधार द्या. अळू आणि गवती चहाला पाऊस मानवतो. मेहंदी आणि मोगऱ्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या याच दिवसांत सहज जगतात. कढीपत्त्याच्या पिकून काळ्या झालेल्या बिया ताज्या असतानाच पेरा, वाळल्या तर उगवणं कठीण. सब्जा म्हणजे आपलं रैहान, पुदिना आणि ओव्याचं पान पत्र्याच्या किंवा छज्जाच्या आडोशाला ठेवा. कोथिंबीर आणि पालक धो-धो पावसात कुजतात. कोरफड आणि निवडुंग तर उघड्यावर ठेवूच नका.

आपला पाऊस ओळखा

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मराठवाड्यात साधारण 700. म्हणून कोकणातल्या भावाचा सल्ला संभाजीनगरच्या बहिणीला जसाच्या तसा चालत नाही. मराठवाड्यात पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर पाणी घालावंच लागतं. आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर पाणी द्या. वुजूचं साबण नसलेलं पाणी बादलीत जमा केलं तर तेही झाडांना चालतं.

शेजाऱ्याचा हक

लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तर लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शेजाऱ्याला त्रास देऊ नये, ही ताकीदही तितकीच पक्की आहे. 20 लिटर ओल्या मातीचं वजन 30 किलोच्या पुढे सहज जातं. म्हणून मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंत किंवा बीम असेल त्या बाजूला ठेवा. पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड पानांनी आणि मातीने तुंबू देऊ नका. पाणी गच्चीवर साचलं तर खालच्या घराच्या छताला ओल धरते. कठड्यावर तर एकही कुंडी नको. वाऱ्याने पडली तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

जुम्याचं काम

डेंगी पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवा. जुमा लक्षात राहायला सोपा आहे. त्या दिवशी कुंडीखालच्या ताटल्या, रिकामे डबे, जुने टायर, पाखरांचं भांडं सगळं रिकामं करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, म्हणून ब्रशने घासा. ताटल्या तर पावसाळाभर काढूनच ठेवलेल्या बऱ्या.

याच दिवशी पिवळी, सडकी पानं तोडा. पावसाने खत वाहून जातं, म्हणून दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या. मावा दिसला तर एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब मिसळून उघडीप असेल त्या संध्याकाळी फवारा. गोगलगायी उघड्या हाताने उचलू नका.

हे काम मुलांना सोबत घेऊन करा. ताटलीतल्या पाण्यात वळवळणारी अळी एकदा डोळ्यांनी बघितली, की पुढच्या जुम्याला त्यांना आठवण करून द्यावी लागणार नाही.