कंटेनरमधला पाऊस

न्हावा-शेवाहून गेलेला कंटेनर युरोपात उघडावा आणि आतल्या सागवानी कपाटांवर बुरशी चढलेली निघावी, असं घडतं. छप्पर शाबूत, दाराचं रबर शाबूत, समुद्राचा थेंबही आत आलेला नाही. मग ओल आली कुठून? बहुतेक वेळा ती मालाबरोबरच चढलेली असते.

हिशेब करून पाहा. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 67 घनमीटर हवा मावते. 30 अंश सेल्सिअसला ही हवा पूर्ण दमट असली, तरी तिच्यात वाफेच्या रूपात जेमतेम 2 लिटर पाणी असतं. उलट 5 टन लाकडाचा ओलावा नुसता एका टक्क्यानं उतरला, तरी 50 लिटर पाणी बाहेर पडतं. हे एका दिवसात होत नाही, पण प्रवास काही आठवड्यांचा असतो. दिवसा पत्रा तापतो, लाकूड वाफ सोडतं. रात्री पत्रा निवतो, छताला घाम फुटतो आणि थेंब मालावर ठिबकतात.

ओलावा गेल्याचं दुसरं नुकसान उशिरा दिसतं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत लाकडाचा ओलावा 17 टक्क्यांच्या आसपास असतो. हिवाळ्यात हीटर लावलेल्या युरोपी घरात तो 6-7 टक्क्यांवर येतो. लाकूड लांबीला जवळजवळ आटत नाही, रुंदीला आटतं. अर्धा मीटर रुंदीचा सागवानी फळा एवढ्यानं सुमारे 1 सेंटीमीटर आखडू शकतो, आणि सागवान तर त्यातल्या त्यात गुणी! फळा चौकटीला डिंकानं जखडलेला असेल, तर तडा ठरलेला. जाणते सुतार तो खाचेत सैल बसवतात, ते उगाच नव्हे.

मालाखालच्या पॅलेटकडे कुणी बघत नाही. कीड मरावी म्हणून पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवतात आणि गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारतात. पण एवढ्यानं लाकूड वाळत नाही. शिक्क्याचं पॅलेटही ओलं असू शकतं.

आर्द्रताशोषक पिशव्या टांगाव्यात, पण ओल्या मालापुढे त्यांचं काही चालत नाही. ओल्या लाकडाला प्लॅस्टिक घट्ट गुंडाळणं तर बुरशीला आमंत्रणच. म्हणून निर्यातदारांनी आधी मॉइश्चर मीटर घ्यावा, पॅलेटसकट माल तपासावा, आणि आकडा जास्त आला तर वखारीत जमिनीपासून उचलून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून वाळू द्यावा. जहाज चुकलं तरी चालेल.