तीन स्विच आणि एक लूप

सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेचा बराचसा अभ्यास फुकट मिळणाऱ्या पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरवर होतो. तरीही जमलं तर तीन खरेखुरे स्विच घरी आणाच, असं मी म्हणेन. ऑफिसांनी मोडीत काढलेले सिस्कोचे कॅटॅलिस्ट २९६० सेकंडहँड बाजारात मिळतात आणि ते पुरतात. पंख्याचा आवाज येतो, तेवढा सोसायचा.

तिन्ही स्विच त्रिकोणात जोडा. घरचा वायफाय राउटर यापासून लांब ठेवा. कन्सोल केबल लावून, पुट्टीत ९६०० चा वेग ठेवून, तिन्हींवर 'नो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १' ही कमांड देऊन लूप रोखणारी स्पॅनिंग ट्री बंद करा. मग एका स्विचला लॅपटॉप लावून कुठलाही पत्ता पिंग करा.

लॅपटॉप एकच प्रश्न विचारतो: हा आयपी कोणाचा? प्रश्न सगळ्यांसाठी असल्यामुळे स्विच तो ज्या पोर्टमधून आला ते सोडून बाकी प्रत्येक पोर्टमधून पुढे पाठवतो. त्रिकोणात तो दोन्ही बाजूंनी फिरतो, परत येतो, पुन्हा पाठवला जातो. आयपी पॅकेटला निदान आयुष्य असतं, दर राउटरला एकेक आकडा कमी होत ते संपतं. इथरनेट फ्रेमला तशी मर्यादाच नाही! काही क्षणांत सगळे दिवे एकदम लुकलुकू लागतात आणि एका साध्या प्रश्नाने अख्खं नेटवर्क ठप्प होतं. एक केबल उपटली की सगळं थांबतं.

आता स्पॅनिंग ट्री पुन्हा चालू करून केबल लावा. काही वेळाने एका पोर्टचा दिवा नारिंगीच राहतो, बाकीचे हिरवे होतात. त्रिकोणाची एक बाजू स्विचनी आपणहून बंद केली! ही रीत रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधली आणि १९८५ साली मांडली. तिचं सौंदर्य असं की संपूर्ण नेटवर्कचा नकाशा कुणाकडेच नसतो. दर दोन सेकंदांनी प्रत्येक स्विच शेजाऱ्याला फक्त एवढंच कळवतो की माझ्या मते प्रमुख कोण आणि मी त्याच्यापासून किती दूर. एवढ्या कानगोष्टींतून लूप नसलेलं झाड उभं राहतं.

प्रमुख ठरतो तो सर्वांत लहान आकड्याचा. 'शो स्पॅनिंग-ट्री' दिल्यावर तिन्हीकडे प्रायॉरिटी ३२७६९ दिसेल, म्हणजे मूळचे ३२७६८ आणि व्हीलॅनचा १. बरोबरी झाली की लहान मॅक पत्ता जिंकतो. मॅक पत्ते बहुधा चढत्या क्रमाने दिले जात असल्यामुळे पुष्कळदा सगळ्यांत जुना, सगळ्यांत मंद डबाच नेटवर्कचा राजा होऊन बसतो. खऱ्या ऑफिसांतही हे घडतं, म्हणून ज्याला प्रमुख करायचं त्या स्विचची प्रायॉरिटी हाताने ४०९६ करून ठेवायची असते.

आता केबल तुटली तर नेटवर्क किती वेळात सावरतं ते पाहायला मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. नारिंगी पोर्ट असलेल्या स्विचची प्रमुखाकडे जाणारी केबल काढली, तर तो पोर्ट साधारण ३० सेकंदांत हिरवा होतो. तीच केबल परत लावा, सगळं स्थिरावू द्या आणि प्रमुख व तिसरा स्विच यांच्यामधली काढा. आता सुमारे ५० सेकंद लागतात, कारण जुनी बातमी शिळी ठरायला आधी २० सेकंद जावी लागतात. मग तिन्हींवर 'स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी' द्या आणि दोन्ही प्रयोग पुन्हा करा. या वेळी स्टॉपवॉच दाबून होईस्तोवर दिवा हिरवा झालेला असतो.