इंटरनेटचा मालक कोण?

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी चर्चच्या आवारात इयत्ता सातवीतील एका मुलाने आम्हांस अडवून प्रश्न केला, "फादर, इंटरनेटचा मालक कोण?" आगगाडीचा मालक सरकार, विजेचा मालक वीज कंपनी, तद्वत् याचाही कोणी असेलच, असा त्याचा सरळ हिशेब. वडिलांनी त्यास दटावले. परंतु प्रश्न दटावण्याजोगा खासच नव्हता. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. घरातील लहानथोर ज्या वस्तूकडे दिवसाचे कित्येक तास पाहत बसतात, ती कोणाची आहे हे आपणा सर्वांसच ठाऊक असावे, म्हणून ते उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यात आर्पा नावाची संशोधन-शाखा होती. १९६६ साली तेथील अधिकारी रॉबर्ट टेलर यांच्या कचेरीत तीन निरनिराळी यंत्रे मांडलेली असत, कारण दूरदूरच्या तीन संगणकांशी बोलावयाचे तर प्रत्येकाचे यंत्र वेगळे. एकाशी बोलणे झाले की उठून दुसऱ्यापुढे बसावयाचे! एकाच यंत्राने सर्वांशी का बोलता येऊ नये, या त्रासिक प्रश्नातून आर्पानेट हे जाळे जन्मास आले. अणुबाँबच्या माऱ्यातूनही टिकावे म्हणून ते विणले, अशी एक आख्यायिका सर्वत्र ऐकू येते. पॉल बॅरन या संशोधकाने तसा विचार करून एक योजना आखली होती हे खरे. परंतु आर्पानेटचा हेतू महागडे संगणक अनेकांनी मिळून वापरावेत, एवढाच होता.

बॅरन यांनी, आणि त्यांच्याशी संबंध नसता इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी, जी युक्ती शोधली ती मात्र मुळाशी आहे. समजा, बेळगावहून पुण्यास एक ग्रंथ पाठवावयाचा आहे. त्याची पाने सुटी करून प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात घातले, पाकिटावर पत्ता व पानाचा क्रमांक लिहिला. काही पाकिटे मिरजेवरून आगगाडीने गेली, काही कोल्हापूरवरून मोटारीने. पुण्याच्या गृहस्थाने ती क्रमाने लावली, आणि सतरावे पान आले नाही असे दिसताच तेवढेच पुन्हा मागविले. इंटरनेटवरील प्रत्येक पत्र, चित्र, गाणे असेच तुकड्यातुकड्यांनी प्रवास करते. एक वाट मोडली तर तुकडे दुसरीने जातात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या तारा तुटल्या आणि भारतातील दळणवळण कमालीचे मंदावले. तरी ते संपूर्ण थांबले नाही, कारण बराच भार पूर्वेकडील मार्गांनी वळविता आला.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने साडेपाचशे किलोमीटरांवरील स्टॅनफर्ड संशोधन-संस्थेच्या संगणकास 'लॉगिन' हा शब्द पाठवावयास घेतला. इंग्रजीतील पहिली दोन अक्षरे पोहोचली, आणि पलीकडचे यंत्र कोलमडले! तासाभराने संपूर्ण शब्द गेला. इतक्या मोठ्या गोष्टीचा आरंभ इतका फजितीचा असावा, याची आम्हांस मौज वाटते.

परंतु मालकीच्या प्रश्नाचे उत्तर या रात्रीत नसून त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आहे. यंत्रांनी परस्परांशी कोणत्या रीतीने बोलावे याचे नियम ठरविण्याचे काम बव्हंशी विद्यार्थ्यांवर येऊन पडले होते. त्यांपैकी स्टीव्ह क्रॉकर यांनी पहिले टिपण लिहिले. आपण कोण लागून गेलो नियम सांगणारे, या संकोचाने त्यांनी त्यास 'नियम' न म्हणता 'अभिप्रायाची विनंती' असे नाव दिले. तेच नाव आजतागायत चालू आहे. अशी नऊ हजारांहून अधिक टिपणे निघाली, आणि ती कोणासही विनामूल्य वाचता येतात. नियम ठरविणाऱ्या मंडळींच्या सभेत सभासदत्व नाही, मतदानही नाही. सभेचा कल अजमावण्यासाठी उपस्थितांस तोंड मिटून गुणगुणावयास सांगतात! पुढे व्हिंट सर्फ व बॉब कान यांनी निरनिराळ्या जाळ्यांस जोडणारी रीत १९७४ साली प्रसिद्ध केली, आणि १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने ती स्वीकारली.

यानंतरचा प्रसंग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिनीव्हाजवळील सर्न या अणुविज्ञानाच्या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली, एका लेखातून दुसऱ्या लेखात क्षणात जाता यावे अशा जाळ्याची कल्पना मांडली. तेच 'वेब'. त्याच सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाची 'गोफर' नावाची पद्धत अधिक लोकप्रिय होती. १९९३ च्या आरंभी त्या विद्यापीठाने गोफरच्या काही वापरासाठी शुल्क आकारण्याचे जाहीर केले. खर्च त्यांसही होताच, त्यांस फार दोष देता येणार नाही. परंतु लोक बिचकले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने लेखी जाहीर केले की, वेबवर आमचा कोणताही हक्क नाही, ते सर्वांचे आहे. थोड्याच वर्षांत गोफर जवळजवळ विस्मृतीत गेले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले, तेव्हा या नियमांसाठी कोणास दमडीही द्यावी लागली नाही.

आज दोन-चार बलाढ्य कंपन्यांच्या अंगणातच बहुतेकांचा वेळ जातो, आणि ते अंगण म्हणजेच इंटरनेट असा समज पसरत आहे. तो समज आम्हांस धोक्याचा वाटतो. कारण अंगणाचा दरवाजा मालक हवा तेव्हा लावू शकतो.

गेल्या रविवारी त्या मुलास हे सारे सांगितले. तो निमूटपणे ऐकत होता, मग म्हणाला, "मग बाबा दर महिन्याला पैसे कोणाला देतात?"

"तारेच्या मालकाला," आम्ही म्हणालो.

"आणि नियमांचे?"

"त्यांचे काही नाही."

त्याने वडिलांकडे पाहिले. ते या वेळी त्यास दटावीत नव्हते.