टेलिफोनवर वेळ ठरविताना

ही व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. म्हणजे वयाने व्याख्यानच वडील! पण इंग्रजीत फोन करावयाचा म्हटले की सभा गाजविणारे आमचे कामगारही गप्प होतात. बडतर्फ केलेल्या एका सोबत्याबाबत बोलावयास भोसरीच्या एका साहेबांनी ‘थर्टीन’ तारीख दिली. आम्ही ‘थर्टी’ ऐकले, आणि सतरा दिवस उशिरा पोचलो. ‘थर्टी’त जोर आरंभी असतो, ‘थर्टीन’मध्ये बहुधा शेवटच्या ‘टीन’वर. तेव्हा ‘वन, थ्री?’ असे सुटे आकडे विचारावे, वारही विचारावा. ‘क्वार्टर टु टेन’ म्हणजे पावणेदहा, सव्वादहा नव्हे. ठरलेली वेळ आपण पुन्हा म्हणून दाखवावी. साहेब ‘येस’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.