रात्रपाळीची पदवी

आई मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात होती. रात्री दोनला तिला धाप लागली तेव्हा धावत आली ती आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून राबणारी एक बीएएमएस मुलगी. तिने ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, फोनवर एकेक आकडा वाचून दाखवला आणि उजाडेपर्यंत खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिली. सकाळी सर राउंडला आले तेव्हा ती फाइल धरून सगळ्यांच्या मागे उभी होती. डिस्चार्ज कार्डावर तिचं नाव नव्हतं.

आपल्याकडची ही उतरंड जुनी आहे. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारलं, पुढे मिशनने तिथेच देशी डॉक्टरही घडवले. एलसीपीएस, एलएमपी असे परवान्याचे अभ्यासक्रम झालेल्या मंडळींनी तालुके सांभाळले, तरी ती एमबीबीएसच्या खालचीच मानली गेली. 1946 साली भोर समितीने देशाला एकाच प्रकारचा डॉक्टर हवा असं सुचवलं आणि परवानाधारकांचे अभ्यासक्रम बंद पडत गेले. खेड्यातली त्यांची जागा मग वैद्यांनी भरली. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाच्या नावातच आर्य आणि आंग्ल एकत्र नांदतात. दोन्ही शास्त्रं शिकलेला वैद्य घडवण्याचं ते स्वप्न मला आजही मोलाचं वाटतं.

आज एमबीबीएस, आयुर्वेदाचा बीएएमएस आणि होमिओपॅथीचा बीएचएमएस तिन्ही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे. तरी आरोग्य केंद्रात एमबीबीएस गट अ, बीएएमएस गट ब. आयुर्वेदवाल्यांना आधुनिक औषधं वापरण्याची मुभा राज्याने 1992 च्या अधिसूचनेने दिली. होमिओपॅथीवाल्यांसाठी 2014 साली कायदा बदलला, अट आधुनिक औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या सीसीएमपी अभ्यासक्रमाची. हा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये करण्याच्या निर्णयाविरुद्ध 18 सप्टेंबर 2025 रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) डॉक्टरांनी राज्यभर संप केला.

अपुऱ्या शिक्षणावर आधुनिक औषधं दिली जातील, ही संपामागची भीती खोटी नाही. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला अॅलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला, आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणा ठरवला. पण ज्यांच्या शिक्षणावर दिवसा शंका घ्यायची, त्यांच्याच हाती रात्रभर आयसीयू सोपवायचं, हे मला पटत नाही. खासगी रुग्णालयांना ही मुलं कमी पगारात मिळतात म्हणून हवी असतात. चुकलं तर पदवीवर बोट, निभावलं तर श्रेय सरांचं.

यावर एकटं सीसीएमपी पुरणार नाही, त्यात भर औषधशास्त्रावर. धाप लागलेला माणूस समोर आला की पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे कॅज्युअल्टीत उभं राहूनच कळतं. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे, मिरज आणि सांगलीची दोन्ही सिव्हिल त्याला जोडलेली आहेत. आरएमओ म्हणून काम करू पाहणाऱ्या प्रत्येक बीएएमएस-बीएचएमएसला तिथे एमबीबीएस इंटर्नच्या बरोबरीने सहा महिने रात्रपाळी द्या, परीक्षा घ्या, नापास झाला तर थांबवा. आणि जो पास होईल त्याचं नाव, पदवीसकट, डिस्चार्ज कार्डावर छापा.